काळं बोंड

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या कोर्टात, बाररूममध्ये, एका ज्युनियरवर खेकसत होतो. पलीकडून सुमनवहिनींचा आवाज आला. “भाऊजी, सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, अन् खुर्चीतच गेले.” मी विचारलं, “कोणत्या खुर्चीत?” आता हा काय प्रश्न झाला? पण उभा जन्म वकिलीत घातलेला माणूस मढ्याचीही उलटतपासणी घेतो. वहिनींनी मात्र शांतपणे उत्तर दिलं, “खिडकीजवळच्या.” मला ती खुर्ची दिसली, तिचा निखळायला आलेला हात दिसला... आणि मग कुठे दिगंबर गेला हे डोक्यात शिरलं. अकोल्याहून अमरावती काही लांब नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं की आलंच. पोहोचलो, खांदा दिला, रात्रीच्या आत परत आलो. मी रडणाऱ्यांतला नाही. दुसऱ्या दिवशी तारखेला उभा होतो.

त्याच्यावर काही लिहीन असं वाटलं नव्हतं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा साधा प्राध्यापक, त्याच्यावर काय लिहायचं? पण काही आठवड्यांनी मला एक फोन आला. विज्ञानातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द सुचवणारी एक समिती आहे, तिच्यातल्या एका गृहस्थांचा. फार नम्र माणूस. म्हणाले, “सरांच्या पत्रांत तुमचं नाव असायचं, म्हणून आधी तुम्हालाच विचारतो. होलोग्राफी हा शब्द आम्ही फार पूर्वी सरांकडे सोपवला होता. त्यांनी शेवटपर्यंत मराठी शब्द दिला नाही. आता कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. ‘पूर्णलेखन’ हा शब्द आम्ही घेतोय, आणि सरांची आठवण म्हणून त्याच्यापुढे त्यांचं नाव छापावं असं सगळ्यांचं मत आहे. घरच्यांनी आणि तुम्ही हो म्हटलं की झालं.” मी म्हणालो, कळवतो. आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावून बसलो. दिगंबरनं आयुष्यात एक पुस्तक लिहिलं नाही, भाषण केलं नाही, कुठल्या समारंभाच्या फोटोत तो पहिल्या रांगेत नाही. कोशात नाव आलं तर छापलेला दिगंबर म्हणून जगात तेवढंच राहील. आणि गोची अशी की ‘पूर्णलेखन’ हा शब्द त्यानं माझ्या तोंडावर नाकारलेला होता.

नाकारणं हा त्याचा जुना धंदा. आम्ही अकोटला एका वर्गात होतो. माझे वडील वकील, त्याचे शेतकरी. गावाबाहेरच्या काळ्या जमिनीत त्यांचा कापूस असायचा. भूगोलाच्या तासाला सरांनी विचारलं, “समुद्राचं पाणी कसं असतं?” दिग्या उभा राहिला आणि म्हणाला, “खारट असते म्हनतेत, सर.” “म्हनतेत म्हणजे?” “म्या चाखलं नाही.” हातावर छडी बसली. खाली बसताना माझ्या कानाशी पुटपुटला, “यायनं तरी कुठी चाखलं हाय?” अकोटात समुद्र चाखलेला माणूस तेव्हा असेल की नाही, देव जाणे. पण हा त्याचा स्वभाव. स्वतःच्या जिभेवर ठेवल्याशिवाय गोष्ट खरी मानायची नाही. पुढे तो अमरावतीला प्राध्यापक झाला, भातकुलीच्या शेतकऱ्याची मुलगी सुमन त्याची बायको झाली, मी अकोल्यात सनद घेतली, आणि आमच्या भेटी एस.टी.च्या वेळापत्रकावर चालू राहिल्या.

होलोग्राम त्यानं पहिल्यांदा कुठल्याशा परिषदेत पाहिला. परतताना अमरावतीला न जाता आधी अकोल्याला माझ्याकडे उतरला, हातात पिशवी तशीच. “वकील, म्या आज काचेत ठेवलेली किल्ली पाह्यली. अन् किल्ली तठी नव्हती.” मी म्हणालो, “आधी पाणी पी.” पाणी न पिताच तो तासभर बोलला. त्याचं म्हणणं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. साधा फोटो म्हणजे अर्धवट साक्षीदार. कुठे उजेड किती पडला एवढंच त्याला आठवतं. तो उजेड कुठून कसा आला ते तो विसरलेला असतो. म्हणून फोटोतल्या माणसाच्या कानामागे डोकावता येत नाही. होलोग्रामची काच दोन्ही गोष्टी लिहून ठेवते, किती आला तेही आणि कसा आला तेही. म्हणून मान कलती केली की मागचंही दिसतं. “तुमच्या कोर्टात शपथ देतेत ना, खरं सांगीन, पुरं सांगीन? फोटो खरं सांगते. हे पुरं सांगते.”

त्या शब्दाचं कूळ-मूळ त्यानंच मला सांगितलं. ग्रीक भाषेत ‘होलोस’ म्हणजे अख्खं, सगळंच्या सगळं; आणि ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणं. एका हंगेरियन शास्त्रज्ञानं इंग्लंडात बसून हे दोन तुकडे जोडले. त्याला खरं म्हणजे सूक्ष्मदर्शक सुधारायचा होता, आणि तेव्हा लेझर जन्मलाही नव्हता. पाऱ्याच्या दिव्यावर त्यानं अंधुकशी चित्रं काढली आणि त्यांना ‘होलोग्राम’ म्हटलं, का तर त्यात सगळं लिहिलेलं असतं म्हणून. मी त्याला म्हटलं, “अरे, हा शब्द आमच्याकडे त्याच्याही आधीपासून आहे. मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या अक्षरात लिहिलं असेल तर त्याला आम्ही होलोग्राफ म्हणतो.” त्याला काय आनंद झाला! “म्हंजे दुसऱ्याचा हात लागलेला नाही, असंच ना?” असंच, मी म्हणालो. “मंग बरोबर हाय. हे काम आपल्याच हातानं कराव लागते.”

त्याच सुमारास समितीनं त्याच्याकडे शब्द मागितला. दुसरा कोणी असता तर संस्कृत कोश उघडून संध्याकाळपर्यंत तीन शब्द पाठवून मोकळा झाला असता. मी चेष्टेत म्हणालो, “अख्खलेख म्हण. नाहीतर आपण वऱ्हाडीत सगळ्याला सप्पा म्हणतो, तर सप्पालेख म्हण, पुण्याची माणसं घेरी येऊन पडतील.” तो हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “वकील, लेकरू झाल्याशिवाय कोनी बारसं करते का? पाळना रिकामा अन् कानात कुर्र! तुमी-आमी आपल्या हातानं केलं नाही, अन् नाव ठेवाव? त्या हंगेरीवाल्याच्या पाळन्यात लेकरू त होतं, अंधुक का होईना.” आधी अमरावतीत स्वतःच्या हातानं होलोग्राम करीन, मग शब्द देईन, असं त्यानं समितीला कळवलं. समितीनं बहुधा ते विनोदात घेतलं असावं.

आणि होलोग्राम कशाचा? तर कापसाच्या बोंडाचा. “वऱ्हाडातला पयला होलोग्राम हाय. कापसाचा नाही त मंग कशाचा, सफरचंदाचा?” मी म्हटलं बेस. तिथेच सगळं घोडं पेंड खाणार होतं, हे तेव्हा ना त्याला ठाऊक ना मला.

त्याच्या घरातली मागची खोली मी पाहिलेली आहे. खिडक्यांना काळा कागद, वर गोधड्या ठोकलेल्या. मधोमध जमिनीवर स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबा, त्यांच्यावर लाकडी पेटी, पेटीत नदीची चाळलेली वाळू. वाळूत रोवलेला लेझर, एक भिंग, उभी काच, आणि काचेच्या मागे वहिनींच्या रुखवतातली पितळी ताटली, तिच्यात फुटलेलं बोंड. हा सगळा थाट कशासाठी, तर काही हलू नये म्हणून. चित्र उमटेपर्यंत केसाच्या शंभराव्या भागाइतकंही काही हललं तरी काम वाया. आता सांगा, अमरावतीत न हलणारी जागा कुठे आहे? समोरून ऑटो जातात. शेजारी कोचिंग क्लास, सुटला की पोरं जिन्यावरून धोंड्यांसारखी गडगडत येतात. आणि सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे कूलर. उन्हाळ्यात दुपारी गल्ली झोपलेली असते, रस्त्यावर काळं कुत्रं नसतं, म्हणून त्यानं तीच वेळ निवडली होती. पण त्याच वेळी घराघराच्या खिडकीत तो पत्र्याचा राक्षस घरघरत असतो आणि भिंती थरथरत असतात. एकदा हा शहाणा भर मे महिन्यात घरोघर जाऊन विनंती करून आला, “पाच मिनिटं कूलर बंद ठेवता का? जरा होलोग्राम काढून राहिलो.” समोरच्या काकूंनी वहिनींना बोलावून विचारलं, “सुमन, सर बरे हायत ना वं?”

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. रोज दुपारी लाइन जायची आणि सगळी गल्ली वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडायची. एके दिवशी लाइन गेली, सगळे कूलर एकदम गप्प झाले, आणि दिगंबर ताटावरून उठून उभा राहिला. त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला हवी ती शांतता सरकार रोज फुकट देऊन राहिलं. त्यानं बॅटरीवर चालणारा लेझर मिळवला. त्या दिवसापासून लाइन गेली म्हणून खूश होणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस होता, आणि तो माझा मित्र होता. कॉलेजातून तास संपवून असा पळत घरी यायचा, जशी काही बाळंतीण अडली आहे.

त्या घराचा कायदाच होता. लाइन गेली की जो जिथे आहे त्यानं तिथे बसायचं. चालायचं नाही, भांडं ठेवायचं नाही, बोलायचं नाही. तो मागच्या खोलीतून “झालं” म्हणेपर्यंत सगळं घर चित्रासारखं. मी एकदा नेमका त्यात सापडलो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. दिवा गेल्याबरोबर त्यांनी गॅस बंद केला, लाटणं अलगद मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. त्यांची मुलगी मेधा तेव्हा शाळेत होती. ती डोळे मिटून बसली. घामाच्या धारा लागलेल्या, माझ्या नाकावर माशी, आणि हलायची सोय नाही. मी आणि वहिनी एकमेकांकडे पाहत बसलो. एवढी शांतता मी कोर्टात निकालाच्या वेळीही ऐकलेली नाही. मग आतून एक लांब श्वास, आणि “झालं.” वहिनींनी गॅस पेटवला आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

काच धुऊन, वाळवून त्यानं बाहेर आणली आणि खिडकीच्या उन्हात तिरपी धरली. मी वाकून पाहिलं. काचेच्या मागे, जिथे खिडकीची चौकट होती तिथे, पितळी ताटली अधांतरी पडलेली. तिचा कंगोरा, तिच्यावरचा पोचा, सगळं. मान हलवली तर कंगोऱ्याच्या आतली बाजूही दिसली. आणि ताटलीत, बोंडाच्या जागी, बोंडाच्याच आकाराचं काळं भोक. पांढरंशुभ्र बोंड ठेवलं होतं, आणि तिथे नुसता अंधार फुटला होता. मी म्हणालो, “अरे, कापूस जळला की काय?” त्यानं काच पुन्हा उन्हात फिरवून पाहिली. नंतर म्हणाला, “हाललं ते. हवेनं नाही, आपल्या श्वासानं. जे हालते ते लिहिलंच जात नाही, वकील. काळं राह्यते.”

मग किती काचा झाल्या, कोण मोजतो. ताटली प्रत्येक वेळी यायची, बोंड प्रत्येक वेळी काळं. मी अक्कल शिकवली, “खळ लाव त्याला, धोतरासारखं कडक कर.” तो भडकला. “मंग तो कापूस राहीन का? पुठ्ठा होईन पुठ्ठा!” एकदा बोंड हलू नये म्हणून त्यानं स्वतःच देठ चिमटीत धरून ठेवलं, श्वास रोखून. काच आली तेव्हा बोंडाबरोबर त्याची बोटंही काळी आलेली. तो त्या काचेकडे बराच वेळ पाहत बसला होता, असं वहिनी सांगतात.

‘पूर्णलेखन’ हा शब्द मी त्याला त्यानंतर सुचवला. म्हटलं, होलोस म्हणजे पूर्ण, ग्राफ म्हणजे लेखन, सरळ हिशेब आहे, देऊन टाक आणि मोकळा हो. तो म्हणाला, “सरळ हाय, पन खोटं हाय. ताटली पुरी लिहिते, मान्य. पन बोंडाचं काय? ज्याच्यात जरासक जीव हाय, जे दमभर थरथरते, तेच हे सोडून देते. अन् वरतून आपन म्हनाव पूर्ण? माया हातानं मी असं लिहिन नाही.” मी चिडलो. म्हणालो, “दिग्या, शब्दाला एवढं कोणी तासत नाही. खुर्चीला खुर्ची म्हणतो तेव्हा तिचा मोडका हात धरून म्हणतो का?” तो म्हणाला, “खुर्ची म्हना. पुरी खुर्ची नका म्हनू.” 

पुढे भारनियमन कमी झालं. लोकांनी घरोघर इन्व्हर्टर घेतले, तेव्हा लाइन गेली तरी पंखे फिरायचे. सगळं अमरावती सुखात आलं आणि दिगंबरचं काम बसलं. तो निवृत्त झाला. वाळूची पेटी गॅलरीत आली, तिच्यात वहिनींनी कोथिंबीर लावली. समितीची पत्रं येत, तो उत्तर पाठवी, “अजून झालं नाही.” मी त्याला चिडवायचो, बारसं कधी रे? हसायचा. त्या हसण्यात दुःख होतं का, हे मी विचारलं नाही. आम्ही असलं काही एकमेकांना विचारत नसू.

समितीचा फोन आला त्या आठवड्यात मी अमरावतीला गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मेधा आता पुण्याला असते. भिंतीवर दिगंबरचा फोटो, हार घातलेला, कॉलर नीट, केस नीट. फोनवर मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मेधा म्हनते, हो म्हणून टाक. बाबाचं नाव पुस्तकात राहीन.” मग म्हणाल्या, “मलेबी वाटते, भाऊजी. एवढं केलं त्यायनं. कोनाले तरी माहीत पडाव.” मी म्हणालो, “पण हा शब्द त्याला मान्य नव्हता.” “ते मले माहीत हाय.” एवढं बोलून त्या उठल्या आणि खिडकीच्या फळीवरून एक काच घेऊन आल्या. उन्हात तिरपी धरली. ताटली सोन्यासारखी उजळली. तिच्यात ते काळं बोंड, आणि बोंडाला धरलेली काळी बोटं, एक अंगठा आणि दोन बोटं. “हे त्यायचे,” वहिनी म्हणाल्या. “फोटूत मले ते दिसत नाही. फोटू अगदी चांगला हाय, पन त्याच्यात ते नाही. अठी हायेत.” मी मान कलती केली. अंगठ्यामागून ताटलीची कड दिसली, आणि मला फार वाईट वाटलं. इतके दिवस वाटलं नव्हतं एवढं.

“मंग काय करू, भाऊजी?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि नेमकी लाइन गेली. पंखा सुस्कारा टाकून थांबला. त्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही, दिगंबरनं कधी घेऊच दिला नाही. वहिनींनी काच हळूच मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. हात मांडीवर, नजर समोर. मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मीही हाताची घडी घालून तसाच बसलो. बाहेर कुणाचा तरी इन्व्हर्टर गुणगुणत होता, खालून ऑटो गेला. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं, आत आता तांदळाची कोठी असते. आम्ही दोघं म्हातारी माणसं श्वास रोखून बसलो होतो...

लाइन आली. पंखा फिरू लागला. वहिनी तशाच. थोडा वेळ पाहून मी हलकेच म्हणालो, “झालं, वहिनी.”

“तुमी नका म्हनू,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “झालं ते म्हनत.”

 मग त्यांनी काच उचलली, पदरानं पुसली, फळीवर जागच्या जागी ठेवली. पाठमोऱ्याच बोलल्या, “त्या समितीवाल्यायलेबी हेच सांगा, भाऊजी. त्यायनं झालं म्हटलं नाही म्हना. शब्द तुमचा तुमी छापा, नाव त्यायचं नको.”

मी तिथूनच फोन लावला आणि तसं सांगितलं. ते गृहस्थ जरा खट्टू झाले, पण हो म्हणाले. वहिनी तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.